पार्श्वभूमी : उस्ताद, गुरुजी आणि ‘शाळाबाह्य’चा शिक्का

वेदपाठशाळेत गुरुजी संथा देतात, मदरशात उस्ताद सबक ऐकतात. कालचा पाठ बिनचूक म्हटल्याशिवाय पुढचा मिळत नाही. हिफ्जच्या, म्हणजे कुराण तोंडपाठ करण्याच्या वर्गात तर नव्या सबकासोबत आमोख्ता, म्हणजे आधी पाठ केलेला भागही ऐकवावा लागतो, आणि उस्ताद प्रत्येक मुलाचं वेगळं ऐकतात. शिकवणाऱ्याची पात्रता त्याला सनद कुणी दिली यावरून ठरायची. १८५४ नंतर सरकारी अनुदान तपासणीशी जोडलं गेलं, तेव्हा हा शिक्षक बहुतांशी त्या चौकटीबाहेरच राहिला.

खरा बदल १९९३-९४ च्या केंद्रीय मदरसा आधुनिकीकरण योजनेपासून सुरू झाला. २००९ मध्ये ती नव्या रूपात आली आणि ‘गुणवत्ता’ हा शब्द थेट तिच्या नावातच बसला. विज्ञान, गणित, समाजशास्त्र शिकवायला येणाऱ्या पदवीधराला महिना ६ हजार, पदव्युत्तर बी.एड. शिक्षकाला १२ हजार रुपये मानधन. उस्तादांचा पगार मात्र पूर्वीसारखाच देणग्यांवर. एकाच छपराखाली दोन प्रकारचे शिक्षक तयार झाले आणि दर्जाची सगळी चर्चा नव्या शिक्षकाभोवती फिरू लागली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या मदरसा योजनेतही डी.एड., बी.एड. झालेल्यांसाठीच मानधन होतं.

सर्वात जास्त गोंधळ घातला तो २०१५ च्या निर्णयाने. शाळाबाह्य मुलांच्या ४ जुलैच्या राज्यव्यापी सर्वेक्षणाच्या तोंडावर महाराष्ट्र सरकारने सांगितलं की इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र न शिकवणाऱ्या मदरशातली मुलं शाळाबाह्य धरली जातील. मुलांना मुख्य प्रवाहात आणायचं आहे आणि हे विषय सुरू केल्यास पैसेही देऊ, असा सरकारचा खुलासा होता. पण २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा शिक्षण हक्क कायद्यातून वगळल्या होत्या. कायदा संस्थेला लागू नाही, म्हणून ती शाळा नाही. ती शाळा नाही, म्हणून मूल शाळाबाह्य. तांत्रिकदृष्ट्या हे जुळतं. तरीही दिवसभर पाठ घेणाऱ्या माणसाच्या कामाची सरकारदरबारी नोंद ‘काहीच नाही’ अशी झाली. शाळेत जाऊन सकाळ-संध्याकाळ मक्तबात, म्हणजे धार्मिक शिकवणीच्या वर्गात येणाऱ्या मुलांना हा शिक्का लागूच नव्हता. वाद वाढला तसा हा फरक हरवला. या सगळ्यात उस्तादांना अध्यापनाचं प्रशिक्षण द्यावं, हा साधा मुद्दा मागे पडला, आणि तोच सर्वात महत्त्वाचा होता.

२०२२ मध्ये केंद्राची योजना थांबली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राने मदरशांतल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार, तर बी.एड. शिक्षकांचं ८ हजारांवरून १८ हजार केलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा कायदा वैध ठरवला. शिक्षणाच्या दर्जासाठी राज्य नियम करू शकतं, असंही म्हटलं. मात्र कामिल (पदवी स्तर) आणि फाजिल (पदव्युत्तर स्तर) या पदव्या देण्याचा तिथल्या मदरसा मंडळाचा अधिकार काढून घेतला. उच्च शिक्षणाच्या पदव्या हा केंद्रीय कायद्याचा प्रांत आहे, हे त्यामागचं कारण. मदरशात शिकवू पाहणाऱ्या अनेकांच्या हातात याच दोन सनदा आहेत.