बरगड्यांकडून उसनं

मराठीत 'हरीण' म्हटलं की चितळ, सांबर, काळवीट सगळेच आले. प्राणिशास्त्रज्ञ मात्र काळविटाला वेगळ्या पंगतीला बसवतात. काळविटाची शिंगं जन्मभर टिकतात आणि त्यांच्यावर केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचं, आवरण असतं. चितळ-सांबराच्या नराचं शिंग म्हणजे निव्वळ हाड. ते दरवर्षी गळून पडतं आणि त्या जागी नवं उगवतं. या लेखातलं हरीण हे असं, शिंगं गाळणारं.

वाढत्या शिंगावर मखमली कातडी असते, आत रक्तवाहिन्या आणि नसा. हात लावला तर ते चक्क गरम लागतं. मोठ्या जातींमध्ये ते दिवसाला २ सेंटिमीटरपर्यंत वाढतं. सस्तन प्राण्यांत इतक्या झपाट्याने वाढणारं दुसरं हाड नाही. पुढे टेस्टोस्टेरॉन वाढलं की रक्तपुरवठा थांबतो, मखमल सोलवटून निघते आणि शिंग टणक होतं. माजाचा काळ सरला की हेच संप्रेरक उतरतं, शिंगाच्या बुडाशी हाड झिजवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि शिंग खाली पडतं.

पण तीन-चार महिन्यांत एवढं हाड उभारायला कॅल्शियम येतं कुठून? नुसता पाला खाऊन ही गरज भागत नाही. अमेरिकेतल्या म्यूल डिअरवरच्या १९६८ च्या संशोधनात याचं उत्तर मिळालं. शिंगं वाढत असताना नराच्या बरगड्या सच्छिद्र होत जातात. तिथली खनिजं रक्तावाटे डोक्याकडे रवाना होतात आणि शिंगं पूर्ण झाली की बरगड्या पुन्हा भरून निघतात. माणसात याच अवस्थेला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात आणि ती सहजी उलटत नाही. हरणाला तो दरवर्षी होतो आणि दरवर्षी बरा होतो!

इतकी बेफाम पेशीवाढ म्हटल्यावर कर्करोगाची शंका येणारच. २०१९ मध्ये जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा वाढत्या शिंगातल्या जनुकांची चाल हाडाच्या कर्करोगाशी बरीच जुळलेली दिसली. मात्र त्याच वेळी गाठींना आवर घालणारी जनुकंही तिथे जोरात चालू होती. गाडी भरधाव, पण ब्रेकवरचा पाय हललेला नाही. २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी सिका हरणाच्या शिंगातल्या पूर्वज पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शिंग उगवतं त्या, उंदरांच्या डोक्यावर रोवल्या. ४५ दिवसांत तिथे शिंगासारखे उंचवटे आले. उंदरांना त्याचा काय उपयोग हा प्रश्न वेगळा. माणसाचं हाड पुन्हा वाढवू पाहणाऱ्यांना मात्र यात मोठा रस आहे.

रानातल्या हरणाला शिंगांचा हिशेब कसा पडतो, हे कळायला स्कॉटलंडच्या रम बेटावर जावं लागतं. तिथल्या रेड डिअरची १९७२ पासून एकेक ओळखून, जन्मापासून मरणापर्यंत नोंद ठेवली जाते. गळालेली शिंगं गोळा करून वजनही केली जातात. भारी शिंगांच्या नरांना पिल्लं जास्त होतात आणि शिंगाचा आकार काही अंशी बापाकडून मुलाकडे येतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शिंगं मोठी व्हायला हवीत. तशी ती झालेली नाहीत. २००२ मध्ये मांडलेला उलगडा साधा होता: ज्याला चारा चांगला मिळाला, त्याची शिंगंही भारी आणि झुंजायची ताकदही जास्त. शिंग जिंकून देतं असं नाही. खाऊनपिऊन धष्टपुष्ट असल्याचा तो दाखला आहे.

याच बेटावर खनिजांची चणचण आहे. गळालेली शिंगं हरणं स्वतःच चघळतात. आणि मँक्स शिअरवॉटर नावाच्या समुद्रपक्ष्यांची पिल्लं बिळाबाहेर सापडली, तर हे शाकाहारी प्राणी त्यांची डोकी, पाय आणि पंख कुरतडून हाडं खातात. उरलेलं मांस तिथेच टाकून देतात.