प्लेग, रेल्वे आणि गिरणी: नागपूरच्या लोकसंख्येमागचा इतिहास

१९०१ च्या जनगणनेत नागपूर शहरात १ लाख २७ हजार माणसं मोजली गेली. १९११ मध्ये भरली अवघी १ लाख १ हजार. दर पाचामागे एक माणूस कमी! प्लेगनं काहींना नेलं, काही जीव वाचवायला शहर सोडून गेले. लोकसंख्या कायम चढतीच असते, असं मानणाऱ्यांनी हे दोन आकडे जरूर पाहावेत.

शतकानुशतकं जगभर हेच चाललं. बाळंतपणं पुष्कळ व्हायची, पण साथी आणि दुष्काळ यांतून तगणारी मुलं थोडी. जगाला १०० कोटींवर पोहोचायला १८०४ चा सुमार उजाडला. २०० कोटी झाले १९२७ च्या आसपास. आणि ७०० कोटींचे ८०० कोटी व्हायला ११ वर्षं पुरली. तो टप्पा नोव्हेंबर २०२२ मध्ये गाठला गेला. बायका जास्त मुलं जन्माला घालू लागल्या म्हणून हे झालेलं नाही. देवीची लस आली, पिण्याचं पाणी स्वच्छ झालं, पुढे प्रतिजैविकं आली, आणि मृत्यू घटले.

भारतात हे वळण १९२१ नंतर आलं. त्याआधीच्या दशकात, मुख्यतः १९१८ च्या इन्फ्लुएन्झामुळे, देशाची लोकसंख्या २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर घसरली होती. त्यानंतरच्या एकाही जनगणनेत ती घटलेली नाही.

पण माणसं कुठे दाटतात, हे जन्ममृत्यूंवरून कळत नाही. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलेलं हे शहर भोसल्यांची राजधानी झालं, तेव्हा दरबाराच्या आश्रयानं कोष्टी विणकरांचे माग इथे चालू लागले. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. आसपासचा कापूस होताच. १८७७ मध्ये जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागरापाशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि खेड्यांतली माणसं पाळीवर कामाला शहरात येऊ लागली. जंगलानं वेढलेल्या गडचिरोलीत असं काही घडलं नाही. २०११ मध्ये तिथे एका चौरस किलोमीटरमध्ये ७४ माणसं होती, नागपूर जिल्ह्यात ४७०.

आता महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी दोन मुलंही होत नाहीत. नागपूर मात्र पसरतंच आहे, आणि माझ्या मते त्यात बाहेरून येणाऱ्यांचा वाटा मोठा असणार. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे नळाचं पाणी, शाळा, दवाखाने यांचा हिशेब अजून २०११ च्या २४ लाखांवरूनच पुढे ओढावा लागतो.