भावसाधन

जन्मवेळ आणि जन्मस्थळ यांवरून कुंडलीतील बारा भावांच्या, म्हणजेच स्थानांच्या, मर्यादा ठरवण्याचे गणित म्हणजे भावसाधन. ग्रह कोणत्या राशीत आहे हे पंचांग सांगते आणि एखाद्या क्षणी ते सगळ्या पृथ्वीवर सारखेच असते. तो कोणत्या भावात आहे हे मात्र जन्मस्थळाच्या क्षितिजावर ठरते. म्हणून एकाच क्षणी पुण्यात आणि लंडनमध्ये जन्मलेल्या दोन मुलांचे ग्रह तेच, पण भाव वेगळे. तनू, धन, पराक्रम, सुख, संतती, रिपू, जाया, मृत्यू, भाग्य, कर्म, लाभ आणि व्यय हा भावांचा क्रम जवळपास सर्वमान्य आहे. एक भाव कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, यावर मात्र ज्योतिषी आजही एकमत नाहीत.

चार बिंदूंबद्दल सहसा वाद होत नाही. जन्मक्षणी क्रांतिवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाचा, जो बिंदू पूर्व क्षितिजावर उगवत असतो ते लग्न आणि त्याच्या समोरचा, मावळणारा बिंदू सप्तम. क्रांतिवृत्त जिथे याम्योत्तरवृत्ताला, म्हणजे उत्तर-दक्षिण बिंदूंतून डोक्यावरून जाणाऱ्या वर्तुळाला, वरच्या बाजूस छेदते ते दशम आणि त्याच्या समोर, क्षितिजाखाली, चतुर्थ. या चार बिंदूंनी क्रांतिवृत्ताचे चार चरण पडतात. प्रत्येक चरणाचे तीन भाग कसे करायचे, किंवा चरण बाजूला ठेवून सरळ राशीच मोजायच्या का, इथून पद्धती वेगळ्या होतात.

चरण लहानमोठे का पडतात

चारही चरण ९०° चे असते तर प्रश्नच उरला नसता. पण क्रांतिवृत्त खगोलीय विषुववृत्ताशी सुमारे २३°२६′ चा कोन करते, त्यामुळे सर्व राशींना उगवायला सारखा वेळ लागत नाही. हे समजून घ्यायला कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवाइतका (शके १४४२, इ.स. १५२०) सोपा मार्ग दुसरा नाही. त्यात लंकोदय, म्हणजे विषुववृत्तावरील उदयकाल, मेषेसाठी २७८, वृषभेसाठी २९९ आणि मिथुनेसाठी ३२३ पळे दिले आहेत. एक पळ २४ सेकंदांचे. तिन्हींची बेरीज ९०० पळे, म्हणजे बरोबर १५ घटी.

हे आकडे आपल्या गावासाठी बदलायला पलभा लागते. विषुवदिनी भर दुपारी १२ अंगुळांच्या शंकूची सावली जेवढी पडते तेवढी त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा सुमारे ४ अंगुळे आहे. तिला अनुक्रमे १०, ८ आणि १० तृतीयांश यांनी गुणले की ४०, ३२ आणि १३ पळे ही चरखंडे, म्हणजे त्या गावासाठीच्या दुरुस्त्या, मिळतात. ती पहिल्या तीन राशींतून वजा करायची आणि पुढच्या तिन्हींत उलट्या क्रमाने मिळवायची. मग पुण्यात मेष २३८, वृषभ २६७, मिथुन ३१०, कर्क ३३६, सिंह ३३१ आणि कन्या ३१८ पळांत उगवते, आणि तुळेपासून हेच आकडे उलटे लागतात. या सर्व राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या, आहेत. सायन मेष उगवायला सुमारे ९५ मिनिटे लागतात, तर कर्केला जवळजवळ सव्वादोन तास.

आता पुण्यात सायन मेषारंभ याम्योत्तरवृत्तावर आला आहे असा क्षण घेऊ. दशम अर्थात ०°. हा बिंदू खगोलीय विषुववृत्तावरच असल्यामुळे तो उगवून १५ नाक्षत्र (ताऱ्यांच्या फेरीवरून मोजलेल्या) घटी, म्हणजे ९०० पळे, झालेली असतात. त्यांतून मेष, वृषभ आणि मिथुन यांची ८१५ पळे वजा केली की ८५ उरतात. कर्केच्या ३३६ पळांत ३०°, तर ८५ पळांत ७°३५′. म्हणून लग्न सायन कर्क ७°३५′. त्रिकोणमितीच्या आधुनिक सूत्राने काढले तरी उत्तर कलेपर्यंत हेच येते. दशमापासून लग्नापर्यंतचा चरण ९७°३५′ चा आणि लग्नापासून चतुर्थापर्यंतचा ८२°२५′ चा झाला. लंडनमध्ये याच स्थानिक नाक्षत्रकाळी ते ११६°३४′ आणि ६३°२६′ होतात. अक्षांश वाढला की तफावत वाढते.

राशी तोच भाव

सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी पद्धत ही. लग्नाचा बिंदू ज्या राशीत असेल ती अख्खी राशी पहिला भाव, पुढची अख्खी राशी दुसरा. लग्न राशीच्या पहिल्या अंशावर असो की एकोणतिसाव्या, फरक पडत नाही. ग्रीक भाषेतील प्राचीन ज्योतिषात हीच पद्धत रूढ होती आणि भारतीय जातकशास्त्राचा मोठा भाग आजही तिच्यावरच उभा आहे. महाराष्ट्रात पत्रिकेवर चौकटीत तिरप्या रेघांनी काढलेली जी लग्नकुंडली असते, ती हीच. वरच्या मधल्या घरात लग्नराशीचा अंक लिहायचा आणि डावीकडून क्रमाने पुढचे अंक भरत जायचे.

समभाव पद्धतीत लग्नाचे अंश महत्त्वाचे ठरतात, पण प्रत्येक भाव ३०° चाच राहतो. पाश्चात्त्य प्रथेत लग्नबिंदू हा पहिल्या भावाचा आरंभ असतो. आपल्याकडे तो भावाचा मध्य मानून अलीकडे-पलीकडे १५° घेतात. दशमबिंदू या पद्धतीत दहाव्या भावाच्या बाहेरही जाऊ शकतो, आणि तिच्यावरचा मुख्य आक्षेप तोच आहे.

श्रीपती पद्धती

चलित किंवा भावचलित कुंडली म्हणून जी दुसरी कुंडली पत्रिकेत असते, ती बहुधा या पद्धतीची असते. श्रीपती हा अकराव्या शतकातील गणिती व ज्योतिषी. त्याचे गाव रोहिणीखंड म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड असे मानले जाते. ज्योतिषरत्नमालेवरील त्याच्या नावावरची मराठी टीका मराठी गद्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत गणली जाते, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव दुहेरी अर्थाने जवळचे आहे. क्रांतिवृत्तावरच चरणाचे तीन सारखे भाग करण्याची ही कृती तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावाने पश्चिमेकडेही ओळखली जाते.

हाताने गणित करणारे षष्ठांश काढतात. चतुर्थातून लग्न वजा करून सहाने भागायचे. वरच्या उदाहरणात ८२°२५′ भागिले ६, म्हणजे १३°४४′. लग्नात हा षष्ठांश मिळवला की पहिल्या व दुसऱ्या भावाची संधी, म्हणजे त्यांच्यामधली सीमा, पुन्हा मिळवला की दुसऱ्याचा भावमध्य, असे चतुर्थापर्यंत जायचे. चतुर्थापासून सप्तमापर्यंत ३०° वजा षष्ठांश, म्हणजे १६°१६′, मिळवत जायचे. उरलेले सहा भाव समोरासमोर येतात. यातून एक सुरेख गोष्ट निघते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. १, ४, ७ आणि १० हे केंद्रभाव कुठल्याही अक्षांशावर नेमके ३०° चेच राहतात, कारण त्यांची एक बाजू षष्ठांशाची आणि दुसरी त्याच्या पूरकाची असते. लहानमोठे होतात ते मधले भाव. या उदाहरणात २, ३, ८ आणि ९ हे प्रत्येकी २७°२८′ चे, तर ५, ६, ११ आणि १२ हे ३२°३२′ चे.

ग्रह भावमध्यावर असेल तर भावाचे पूर्ण फल, संधीवर असेल तर शून्य आणि मध्ये कुठे असेल तर त्रैराशिकाने, असा या पद्धतीचा नियम आहे.

युरोपातील पद्धती आणि प्लॅसिडस

युरोपात भागाकार क्रांतिवृत्तावर न करता दुसऱ्या वर्तुळांवर करून पाहिला गेला. तेराव्या शतकातील कॅम्पानस याने सममंडलाचे, म्हणजे पूर्व-पश्चिम बिंदूंतून डोक्यावरून जाणाऱ्या वर्तुळाचे, बारा सारखे भाग केले, पंधराव्या शतकातील रेजिओमोंटॅनस याने विषुववृत्ताचे. दहाव्या शतकातील अल-कबीसी याच्या नावाची पद्धत लग्नबिंदूच्या दिनार्धाचे, म्हणजे उगवल्यापासून याम्योत्तरावर येईपर्यंतच्या वेळेचे, तीन भाग करते. विसाव्या शतकात जर्मनीत वॉल्टर कॉख याच्या नावाची आणखी एक पद्धत आली.

सर्वाधिक पसरली ती इटालियन संन्यासी प्लॅसिडस (१६०३–१६६८) याच्या नावाची. तिचा पाया जागा नसून वेळ आहे. क्रांतिवृत्ताच्या प्रत्येक बिंदूला उगवल्यापासून याम्योत्तरावर यायला ठरावीक वेळ लागतो. हे त्याचे दिनार्ध. आपल्या दिनार्धाचा एक तृतीयांश प्रवास करून झालेला बिंदू म्हणजे बाराव्या भावाचा आरंभ, आणि दोन तृतीयांश झालेला अकराव्याचा. असा बिंदू थेट सूत्राने मिळत नाही, असकृत्कर्माने, म्हणजे आलेले उत्तर पुन्हापुन्हा गणितात घालून, शोधावा लागतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील राफेलच्या वार्षिक पंचांगांत याच पद्धतीच्या सारण्या छापल्या जात. ज्योतिषांच्या हाती तयार आकडे तेच होते, आणि तिच्या प्रसाराचे मोठे कारण हेच आहे.

भारतात ती रुजली के. एस. कृष्णमूर्ती (१९०८–१९७२) यांच्यामुळे. कृष्णमूर्ती पद्धतीत प्लॅसिडसचे भाव निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले) करून घेतात आणि भावारंभ बिंदूचा उपनक्षत्रस्वामी, म्हणजे नक्षत्राच्या उपविभागाचा स्वामी ग्रह, फलिताचा मुख्य आधार मानतात. या पद्धतीचे अभ्यासक महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आहेत.

फरक नेमका कुठे पडतो

श्रीपती की प्लॅसिडस असा वाद आपल्याकडे हिरिरीने घातला जातो. पुण्याचे वरील उदाहरण पुढे नेले तर बाराव्या भावाचा बिंदू श्रीपतीने ६५°०४′ वर आणि प्लॅसिडसने ६६°५३′ वर येतो, म्हणजे फरक दोन अंशांहून कमी. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर खरा फरक या गणिताचा नाहीच. मिळालेला बिंदू भावाचा मध्य धरायचा की आरंभ, यावर सगळे अवलंबून असते, कारण त्याने भाव सुमारे १५° नी सरकतात. लंडनला मात्र बाराव्या भावाच्या बिंदूत पावणेपाच अंशांची तफावत येते, आणि तिथे गणिताची निवडही दुर्लक्षून चालत नाही.

याचा परिणाम लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचतो. महाराष्ट्रात मंगळ १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानी असेल तर मंगळाची पत्रिका म्हणतात. वरच्याच क्षणी अयनांश, म्हणजे सायन आणि निरयन मोजणीतले अंतर, सोयीसाठी २४° धरले तर लग्न मिथुन १३°३५′ येते. समजा मंगळ मिथुन २९° वर आहे. राशीप्रमाणे तो लग्नी, म्हणजे पत्रिका मंगळाची. श्रीपतीने पहिल्या भावाची संधी मिथुन २७°१९′ वर संपते, म्हणून चलितात मंगळ धनस्थानी सरकतो आणि पत्रिका निर्दोष ठरते. कृष्णमूर्ती पद्धतीत दुसरा भाव कर्क ८°१९′ ला सुरू होतो, म्हणजे मंगळ पुन्हा लग्नीच. आकाश तेच, मुलगी तीच, आणि तिचे स्थळ मात्र कुठले कोष्टक उघडले यावर अडते. एवढा भार या रेघांवर टाकणे योग्य नाही. कोणती पद्धत बरोबर, हे सिद्ध करणारा प्रयोगही नाही. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०० मुलांच्या पत्रिका वापरल्या होत्या. हुशार मुले आणि मतिमंद मुले पत्रिकेवरून ओळखायची होती. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणेफेकीपेक्षा सरस नाही.

उत्तर युरोपातील जन्म

परदेशात जन्मलेल्या मराठी मुलांच्या पत्रिका इथे करून घेण्याची प्रथा वाढल्यापासून वरच्या अक्षांशांच्या अडचणी आपल्याकडेही आल्या आहेत. याच नाक्षत्रकाळी लंडनचे लग्न कर्क २°३४′ येते, पण दशमबिंदू मीन ६° वरच राहतो. मीन ही कर्केपासून नववी राशी, तेव्हा लग्नकुंडलीत जे भाग्यस्थान दिसते तेच चलितात कर्मस्थान होते. ६०° अक्षांशावर याच वेळी श्रीपतीचे मधले भाव कुठे साडेएकेचाळीस अंशांचे, तर कुठे साडेअठरा अंशांचे होतात.

६६°३४′ च्या पलीकडे, उदाहरणार्थ नॉर्वेतील ट्रोम्सो येथे, क्रांतिवृत्ताचे काही अंश कधी उगवत नाहीत आणि काही कधी मावळत नाहीत. ज्याला उदय नाही त्याला दिनार्ध नाही, म्हणून प्लॅसिडस आणि कॉख या पद्धती तिथे लागू पडत नाहीत. काही संगणकप्रणाली अशा वेळी आपोआप दुसऱ्या पद्धतीचे आकडे छापतात. तिथल्या जन्माची पत्रिका वाचताना राशी तोच भाव किंवा समभाव धरावा लागतो, आणि कुठलीही चलित कुंडली हाती आली तरी तिच्यातले अंश भावारंभाचे आहेत की भावमध्याचे, हे आधी पाहावे लागते.