तारांकित की अतारांकित? खासदाराने प्रश्न विचारला म्हणजे नेमकं काय केलं

परवा आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर एका काकांनी लोकसभेतल्या एका उत्तराचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, बघा, मंत्र्याला भर सभागृहात विचारलं. पण फोटोत वरच छापलेलं होतं, अतारांकित प्रश्न. म्हणजे सभागृहात कोणी काही बोललंच नव्हतं, उत्तर कागदावर आलं होतं. ही गल्लत खूप जण करतात म्हणून लिहितेय.

ज्या प्रश्नाच्या नंबराला तारा लावलेला असतो तो तारांकित. लोकसभेत ११ ते १२ प्रश्नकाळ असतो, त्यात मंत्री तोंडी उत्तर देतात, आणि खरा जोर त्याच्या पुढे आहे, कारण उत्तर ऐकून लगेच पूरक प्रश्न विचारता येतो, आधी मूळ विचारणाऱ्याला, मग अध्यक्षांनी परवानगी दिली तर बाकीच्यांनाही. खात्याने लिहून दिलेलं उत्तर मंत्र्याकडे असतं पण पूरक प्रश्न कुठून येईल ते त्यालाही माहीत नसतं. एलआयसीचे पैसे उद्योगपती हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत का घातले हे १९५७ साली लोकसभेत असंच प्रश्नांतून बाहेर आलं, खासदार फिरोज गांधींनी ते लावून धरलं, आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. हा तास चालवणं अध्यक्षांच्या हातात असतं, २०१४ ते २०१९ त्या खुर्चीत आपल्या इंदूरच्या खासदार सुमित्राताई महाजन होत्या, त्यामुळे निदान इंदूरकरांना तरी हा फरक माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

मात्र दिवसाला तारांकित फक्त २०, एका खासदाराचा एकच, आणि तासाभरात त्यातलेही थोडेच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरं लेखीच मिळतात.

अतारांकित दिवसाला २३० पर्यंत. उत्तर लेखी, पूरक प्रश्न नाही. म्हणून लोक याला कमी लेखतात, मला ते अजिबात पटत नाही. आपली इंदूर-मनमाड रेल्वे लाइनच घ्या, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी. कुठल्या जिल्ह्यात किती जमीन घेतली, कुठल्या वर्षी किती पैसे दिले हे तोंडी कसं सांगणार, त्याला तक्ताच लागतो, आणि तो संसदेच्या वेबसाइटवर नंतरही कुणालाही काढून बघता येतो. पण काम का अडलं असं विचारायचं असेल तर तारांकितच हवा, कारण तिथे गोलमोल उत्तर आलं तर परत विचारता येतं. २०२० च्या कोविडमधल्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नकाळ नव्हता, अतारांकित चालू होते, तेव्हा नेमकं हे परत विचारणंच गेलं होतं.

अजून एक, दोन्हींना लागू. "माहिती गोळा केली जात आहे" असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि न झाल्यास सरकारी आश्वासन समिती मागे लागते. काकांच्या फोटोत शेवटी हेच वाक्य आहे, मी उत्तराची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.