चार व्हॉल्व्हचे दोन ट्यूबा: साधा आणि कॉम्पेन्सेटिंग

ट्यूबा म्हणजे फुंकून वाजवायचं, खर्जातले सूर देणारं मोठं पितळी वाद्य. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले हे दोन ट्यूबा समोरून जवळजवळ सारखेच दिसतात. दोघांनाही चार व्हॉल्व्ह, कर्ण्याचा घेरही जवळपास तेवढाच. एकाच्या माहितीपत्रकात ‘कॉम्पेन्सेटिंग’ असं लिहिलेलं असतं आणि त्याची किंमत बरीच चढी असते. त्यासाठी पैसे मोजावेत का? माझं मत ठाम आहे: ट्यूबा ई फ्लॅटचा (म्हणजे व्हॉल्व्ह न दाबता ज्याचा मूळ सूर ई फ्लॅट) असेल तर जरूर मोजावेत, बी फ्लॅटचा असेल तर बहुतेकांना गरज नाही.

मुळात अडचण काय आहे ते आधी बघू. व्हॉल्व्ह दाबला की हवा जादा नळीतून वळसा घेते, एकूण लांबी वाढते आणि सूर उतरतो. दुसऱ्या व्हॉल्व्हने १ सेमीटोन (लगतच्या दोन सुरांमधलं अंतर), पहिल्याने २, तिसऱ्याने ३ आणि चौथ्याने ५. एकेकटा व्हॉल्व्ह दाबला तर हिशेब बरोबर जमतो, एकत्र दाबले की बिघडतो. ई फ्लॅट ट्यूबाची मोकळी नळी साधारण ४ मीटर असते. ती २ सेमीटोन उतरवायला पहिल्या व्हॉल्व्हची ४९ सेंटिमीटर नळी पुरते. पण चौथा दाबलेला असेल तर नळी आधीच ५.३४ मीटर झालेली असते आणि तिथून आणखी २ सेमीटोन उतरायला ६५ सेंटिमीटर लागतात. पहिल्या व्हॉल्व्हपाशी आहेत ४९च. या १६ सेंटिमीटरच्या तुटीमुळे सूर जवळपास अर्धा सेमीटोन चढा लागतो. पहिला, दुसरा आणि चौथा मिळून दाबले तर चूक ८० सेंटच्या घरात जाते (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन). एवढी चूक नुसत्या ओठांनी सावरणं कठीणच.

लंडनच्या बूझी या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीत डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये यावर ‘कॉम्पेन्सेटिंग’चा, म्हणजे तूट भरून काढण्याचा, जो उपाय काढला, त्याच्या हुशारीचं मला आजही कौतुक वाटतं. चौथ्या व्हॉल्व्हच्या नळीतून आलेली हवा पुन्हा पहिल्या तीन व्हॉल्व्हमधून फिरवायची. या दुसऱ्या फेरीच्या वाटेवर प्रत्येक व्हॉल्व्हला एक छोटी जादा नळी असते, आणि जो व्हॉल्व्ह दाबलेला असेल त्याचीच नळी वाटेत येते. म्हणजे कमी पडणारे १६ सेंटिमीटर आपोआप भरून निघतात. चौथा सोडला की या छोट्या नळ्या हिशेबातून बाहेर. वादकाला काहीच करावं लागत नाही.

याची किंमत फक्त पैशात मोजून भागत नाही. वाद्य जड होतं, पिस्टन (व्हॉल्व्हमध्ये वर-खाली होणारे दट्टे) लांब होतात, आणि हवेला दोनदा वळणं घ्यावी लागत असल्यामुळे खालच्या सुरांत फुंक काहीशी अडते. काही वादकांना हे अडणं अजिबात खपत नाही.

साध्या ट्यूबावर हेच काम डाव्या हाताकडे येतं. वाजवता वाजवता पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकती नळी) आत-बाहेर करायची आणि लांबी जुळवायची. त्यामुळे साधा ट्यूबा बघताना मी सगळ्यात आधी हीच स्लाइड बघतो: ती वरच्या बाजूला, हाताशी आहे का, आणि दोन बोटांनी अलगद सरकते का. स्लाइड अडकत असेल किंवा वाद्याच्या तळाशी असेल, तर चौथा व्हॉल्व्ह असूनही त्याचा निम्मा उपयोग वायाच जातो.

तिसरा मार्ग कमी पडणारी लांबी पुरवणाऱ्या पाचव्या व्हॉल्व्हचा, आणि तो ब्लेकलींच्याही आधीचा. १८३५ मध्ये बर्लिनला बँडमास्टर वीप्रेख्त आणि वाद्यनिर्माते मोरित्झ यांनी पेटंट घेतलेल्या पहिल्या ट्यूबालाच पाच व्हॉल्व्ह होते. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राचे ट्यूबावादक आर्नल्ड जेकब्स वाजवत तो यॉर्क कंपनीचा प्रसिद्ध ट्यूबाही चार पिस्टन आणि एक रोटरी (गोल फिरणारा) असा पाच व्हॉल्व्हचाच, कॉम्पेन्सेटिंग नव्हे. अमेरिकी ऑर्केस्ट्रांमध्ये आजही हीच रीत आहे. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये मात्र कॉम्पेन्सेटिंगच चालतो.

आता ई फ्लॅट आणि बी फ्लॅटमध्ये मी फरक का करतो? ई फ्लॅटवर खालच्या बी फ्लॅटलाच चौथा व्हॉल्व्ह लागतो. त्याखालचे ए, ए फ्लॅट, जी, एफपर्यंतचे सगळे सूर चौथा दाबूनच निघतात, म्हणजे नेमके चुकीच्या टापूत. अगदी तळाचा ई तर साध्या ट्यूबावर निघतच नाही, कारण चारही व्हॉल्व्ह दाबूनही लांबी पुरत नाही. बी फ्लॅट ट्यूबाची मोकळी नळी साडेपाच मीटरची असते. त्यावर तोच बी फ्लॅट एकही व्हॉल्व्ह न दाबता मिळतो आणि चौथा लागतो तो थेट खालच्या एफला. शाळेच्या किंवा संचलनाच्या बँडमधला बास त्या एफच्या खाली क्वचितच उतरतो. अमेरिकेत शाळेच्या बँडमध्ये ट्यूबा घेतलेल्या मराठी मुलांच्या हाती बहुतेक बी फ्लॅटच येतो. त्यांच्या आईवडिलांनी कॉम्पेन्सेटिंगसाठी जादा खर्च करू नये. ते पैसे चौथ्या व्हॉल्व्हवर आणि चांगल्या माउथपीसवर घालावेत.

ओळखायचं कसं? वाद्य फिरवून व्हॉल्व्हच्या मागची बाजू बघा. तिथे छोट्या नळ्यांची जादा वेटोळी असली तर तो कॉम्पेन्सेटिंग. तीन व्हॉल्व्हचेही कॉम्पेन्सेटिंग ट्यूबा असतात, त्यामुळे नुसते व्हॉल्व्ह मोजून कळत नाही. मग ट्यूनर (सूर चढा की उतरा ते काट्याने दाखवणारं यंत्र) लावा आणि ई फ्लॅटवर स्लाइड न हलवता चार सूर लांबवर धरा: चौथा; दुसरा-चौथा; पहिला-चौथा; पहिला-दुसरा-चौथा. साध्यावर काटा प्रत्येक सुराला आणखी वर सरकेल. कॉम्पेन्सेटिंगवर तो फारसा हलणार नाही. हेच सूर एकदा हळू आणि एकदा जोरात वाजवा, म्हणजे फुंक किती अडते तेही कळेल.

कॉम्पेन्सेटिंग जुना घेत असाल तर पिस्टनची झीज नीट तपासा. हवा त्याच पिस्टनमधून दोनदा जाते, त्यामुळे थोडी गळतीही खालच्या सुरांना साध्या ट्यूबापेक्षा लवकर जाणवते.