बोलोन्याचा रागू वेगळा, नेपल्सचा वेगळा

दोन्ही इटलीचे, दोन्हीत मांस आणि टोमॅटो, दोन्ही तासन्‌तास शिजवायचे आणि दोघांना रागूच, म्हणजे पास्त्यावर घालायचा मांसाचा सॉस, म्हणतात, त्यामुळे लोक बिनधास्त एकाची रेसिपी दुसऱ्यात ढकलतात. खिमा घ्यायचा बोलोन्याचा, टोमॅटो ओतायचे नेपल्सच्या मापाने, आणि मग विचारायचं की सॉस पाणचट का झाला आणि खिमा तळाशी का बसला. होणारच ना!

बोलोन्याचा बहुतेकांना माहितीये म्हणून त्यावर जास्त वेळ घालवत नाही. कांदा, गाजर, सेलरी, पान्चेत्ता म्हणजे डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस, बीफचा खिमा, थोडी वाइन, थोडं दूध. 17 ऑक्टोबर 1982 ला बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये या रेसिपीची रीतसर नोंद झाली, त्यात 300 ग्रॅम बीफ आणि 150 ग्रॅम पान्चेत्ताला टोमॅटो सॉस किती, तर फक्त पाच मोठे चमचे. इटालियन स्वयंपाकाचं प्रसिद्ध पुस्तक लिहिणाऱ्या आर्तुसीने 1891 मध्ये छापलेल्या बोलोन्या पद्धतीच्या मॅकरोनीत तर टोमॅटो नव्हताच. म्हणजे इथे खिमा हाच सॉस, टोमॅटो नावापुरता.

आता नेपल्स, सगळी गडबड इथेच होते. इथे खिमा नसतो, मांसाचे मोठे तुकडे असतात. हाडासकट पोर्क रिब्स, आणि बीफचे पातळ काप घेऊन त्यात लसूण, पार्सली, चीज, बेदाणे वगैरे भरून, गुंडाळून दोऱ्याने बांधलेले रोल. हे सगळं कांद्याबरोबर चांगलं लालसर होईपर्यंत परतायचं, वाइन घालून ती आटू द्यायची आणि मग टोमॅटो, अगदी मांस बुडेल इतका. नंतर आच इतकी मंद की पातेल्यात एक बुडबुडा येऊन फुटला की जरा वेळाने दुसरा यावा. असं चार-पाच तास. तेवढ्या वेळात हाडाजवळचा चिवट भाग विरघळून सॉसमध्ये उतरतो, सॉसला दाटपणा आणि चकाकी येते, टोमॅटोचा आंबटपणा मावळतो, लाल रंग विटकरीकडे झुकतो आणि कडेने तेलाचा तवंग दिसायला लागतो. आणि मग मांस बाहेर काढतात! आधी नुसता सॉस हाताने मोडलेल्या झीती या लांब नळीसारख्या पास्त्यावर, मांस त्यानंतर वेगळ्या ताटलीत. मांसाने आपली चव सॉसला द्यायची, सॉस बनायचं नाही.

हे एकदा लक्षात आलं की टोमॅटोचं माप पाठ करायची गरजच उरत नाही. मोठ्या तुकड्याला बुडायला रस लागतो आणि त्याच्याकडे त्या रसाला द्यायला चार-पाच तास पुरेल इतकं असतं. खिम्याचे बारीक कण तेवढ्याच रसात उकळत ठेवले तर त्यांची चव लवकर निघून जाते आणि मागे राहतो भुसा. बोलोन्यात रस मुद्दाम कमी ठेवतात, पान्चेत्ताची चरबी आणि दूध असतं, म्हणून तिथे खिमा दोन-तीन तासांनंतरही मऊ राहतो. उलटं करून बघा, रिब्स पाच चमचे टोमॅटोत टाका, अर्ध्या तासात करपल्याचा वास.

बाकीचे फरक किरकोळ. बोलोन्याबरोबर स्पॅगेटीपेक्षा ताल्यातेल्ले छान, चपट्या पट्टीला खिमा धरून राहतो, पण स्पॅगेटीच घरात असेल तर खुशाल खा. मात्र बोलोन्यात लसूण आणि ओरेगॅनो घालू नका, दुधाची सगळी गोडी मारून टाकतात. आणि आंबट लागतंय म्हणून साखर तर दोन्हीत नको, आच कमी करा आणि अजून एक तास थांबा.

सुट्टीचा अख्खा दिवस हाताशी असेल तर मी डोळे झाकून नेपल्सचा करेन, एका पातेल्यात दोन जेवणं होतात. पण फ्रीजमध्ये खिमाच असेल तर बोलोन्याचा करा आणि टोमॅटोचा दुसरा डबा उघडूच नका.