व्हेरिएबल शोधणे आणि लावून ठेवणे (आरपीजी मेकर)

आरपीजी मेकर ही हौशी लोकांना कोड न लिहिता संगणकावरचा खेळ बनवता यावा म्हणून तयार झालेली जपानी प्रणाली. आस्की कंपनीच्या १९९२ च्या ‘डांते ९८’पासून ही मालिका चालत आली, एमव्ही आवृत्ती २०१५ मध्ये आली, एमझी २०२० मध्ये. खेळात काय घडून गेले याची नोंद मुख्यतः दोन याद्यांत राहते. स्विच फक्त चालू किंवा बंद असतो. व्हेरिएबलमध्ये, म्हणजे गणितातल्या चलामध्ये, आकडा राहतो. एमव्हीत दोन्ही याद्या प्रत्येकी ५००० पर्यंत वाढवता येतात, आणि म्हणूनच हवे ते व्हेरिएबल सापडणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

यातली कळीची गोष्ट अशी, की प्रणाली व्हेरिएबल ओळखते ते क्रमांकाने. नाव फक्त बनवणाऱ्यासाठी असते. समजा, १२ क्रमांकाच्या व्हेरिएबलला ‘किल्ल्या’ नाव दिले आणि पेटी उघडली की त्यात १ मिळवायचा आहे. एमव्हीची नकाशाची फाइल उघडली, तर तिथे ‘किल्ल्या’ हा शब्द कुठेच दिसत नाही. दिसतो तो १२२ हा आदेश-क्रमांक आणि पुढे १२, १२, १, ०, १ : बाराव्यापासून बाराव्यापर्यंत, मिळवा, ठरावीक आकडा, एक. त्यामुळे नाव कधीही बदलावे, काही बिघडत नाही. यादीतली ओळ मात्र हलवू नये. ‘किल्ल्या’ हे नाव ३० वर नेले तरी जुने आदेश बाराव्यातच भर घालत राहतात. खेळाडूंनी सेव्ह केलेल्या फायलींतही किंमती क्रमांकानेच असतात. म्हणून खेळ लोकांच्या हाती गेल्यावर क्रमांकांची फेरमांडणी केली, तर जुन्या फायलीत भलत्याच जागी भलता आकडा निघतो.

म्हणून मांडणी सुरुवातीलाच करावी. सर्रास वापरली जाणारी रीत म्हणजे क्रमांकांचे पट्टे पाडणे: पहिले २० तात्पुरत्या हिशेबाला, पुढचे २० मुख्य कथेला, त्यापुढचे एकेका नकाशाला. एमव्हीच्या खिडकीत यादी वीस-वीसच्याच गटांत दिसते, त्यामुळे हे पट्टे तिच्यात चपखल बसतात. पट्ट्याची पहिली जागा न वापरता तिला ‘== जंगल ==’ असे नाव दिले की तेच शीर्षक होते. ‘टेम्प १’, ‘नवीन २’ अशी नावे मात्र महिन्याभरात परकी वाटू लागतात.

कथेच्या प्रगतीसाठी दहा स्विच खर्च करण्यापेक्षा एकच व्हेरिएबल ठेवणे केव्हाही बरे. इव्हेंट म्हणजे नकाशावर ठेवलेली पेटी, दार किंवा पात्र; त्याला अनेक पाने, म्हणजे आदेशांचे संच, असू शकतात. पानाची व्हेरिएबलची अट ‘इतके किंवा जास्त’ अशी असते, आणि अटी पूर्ण होणाऱ्या पानांपैकी सर्वांत मोठ्या क्रमांकाचे पान चालते. टप्प्यांना १०, २०, ३० असे आकडे दिले, तर मध्ये नवा प्रसंग घालायला १५ मोकळा राहतो. उघडलेल्या पेटीसारख्या एकट्यादुकट्या गोष्टीला तर यादीतली जागा लागतच नाही. प्रत्येक इव्हेंटला अ, ब, क, ड असे चार स्वतःचे सेल्फ स्विच मिळतात, मूळ प्रणालीत इंग्रजी अक्षरांनी दाखवलेले.

शोधायला एमव्हीत ‘इव्हेंट सर्चर’ आहे: व्हेरिएबल निवडावे, ते वापरणारे इव्हेंट समोर येतात. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे हाताने लिहिलेल्या कोडमध्ये, आलेला क्रमांक मात्र त्याच्या दृष्टीने निव्वळ मजकूर असतो. त्यासाठी प्रकल्पाच्या डेटा आणि प्लगइनच्या (वरून जोडलेल्या कोडच्या) फायलींत साध्या मजकूर-संपादकाने शोध घ्यावा. चाचणी खेळताना एफ९ दाबले की चालू किंमती दिसतात आणि तिथल्या तिथे एकाने किंवा दहाने कमी-जास्त करता येतात. दार का उघडत नाही हे अर्धा तास आदेश वाचून कळत नाही, ते इथे बाराव्या ओळीतला ० पाहून क्षणात कळते.

नको झालेल्या व्हेरिएबलचे नाव लगेच पुसू नये. नावाआधी ‘रद्द’ लिहून ठेवावे, इव्हेंट सर्चरमध्ये आणि फायलींत असा दोन्ही ठिकाणी शोध घ्यावा आणि एकही वापर उरला नाही याची खात्री झाल्यावरच ती जागा दुसऱ्या कामाला द्यावी.